दोन्हीकडची पाच घरं

रामरावांनी आपल्या लेकीच्या, संध्याच्या, हातातला पुठ्ठा ओढून घेतला आणि उजेडात धरला. पुठ्ठ्यावर ताटली ठेवून काढलेली दोन वर्तुळं होती, एकमेकांत थोडी घुसलेली. एकात ‘शेती’ लिहिलेलं, दुसऱ्यात ‘मजुरी’.

“वाच.”

नववीतल्या संध्याने घसा साफ केला. उद्याच्या गणित मेळाव्यासाठी वंदना मॅडमनी प्रत्येकाला आपल्या आळीवरून एक उदाहरण तयार करायला सांगितलं होतं.

“आमच्या आळीत तीस घरं आहेत. दोन तृतीयांश घरांना शेती आहे. निम्म्या घरांतून कुणीतरी मजुरीला जातं. दोन्हींतलं काहीच नाही, असं घर नाही. तर शेती असून मजुरीलाही जाणारी घरं किती?”

“एकबी न्हाई,” रामराव म्हणाले. “शेतीवाला मजुरीला जात न्हाई.”

“वीस अन् पंधरा पस्तीस होतेत, आबा. घरं तर तीसच हाईत. पाच घरं दोन्हीकडं असल्याबिगर जमतच न्हाई.”

“कोणची पाच?”

संध्याची नजर चुलीकडे गेली. तिथे तिची आई, दैवशालाबाई, भाकरी थापत होत्या. कापसाच्या बोंडांनी त्यांची बोटं नखांपाशी ओरबाडलेली होती.

दिवाळीपासून त्या कल्याण टेम्पोवाल्याबरोबर हसनाबादच्या शिवारात कापूस वेचायला जात होत्या. टेम्पोत गावात चढायचं नाही, फाट्यापर्यंत चालत जायचं, तेही तोंडाला रुमाल बांधून. घरात या जाण्याला सावड म्हणायचे. म्हणजे आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या, मजुरी न घेता. आता कल्याण याच आळीतला, त्याच्यापासून काय कपाळ लपणार? साऱ्या आळीला ठाऊक होतं आणि सारी आळी सावडच म्हणत होती, कारण आणखी चार घरांना त्याच शब्दाची गरज होती.

“तुझी माय सावडीला जाते,” रामराव म्हणाले.

“मंग आपल्या रानात कोण आल्तं कापूस वेचायला? एक नाव सांगा.”

रामराव चिडले की त्यांचा आवाज वाढायचा नाही, उलट खाली यायचा.

“उद्या सारं गाव येऊन राह्यलंय शाळेत. चार माणसांत मायची इज्जत काढतीस? तुझं गणित होईल, तिला तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई. मजुरीवाली घरं दहा लिही. वीस अन् दहा तीस. बराबर जमतंय.”

जमत होतं खरं. संध्याने आईकडे पाहिलं. आईने भाकरी उलटली, मान वर केली नाही. आबांशी संध्या आणखी तासभर भांडली असती, तेवढा दम तिच्यात होता. पण मायच्या इज्जतीचं नाव निघालं होतं. तिने नवा पुठ्ठा घेतला आणि दोन वर्तुळं काढली, एकमेकांपासून चांगली लांब. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात पुरुष खुर्च्यांवर बसले होते आणि बायका सतरंजीवर. संध्याने उदाहरण वाचलं, फळ्यावर सोडवलं. दोन तृतीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर एक. दोन्ही करणारी घरं शून्य. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात रामरावांनी वाजवल्या. संध्याला त्या क्षणी फळ्याचा, खडूचा आणि स्वतःचा राग आला.

“पालकांपैकी कुणाला काही विचारायचंय?” वंदना मॅडमनी विचारलं. हे नुसतं म्हणायचं असतं. कुणी काही विचारत नाही.

सतरंजीवरून दैवशालाबाई उठल्या.

“पोरी, मला कोणच्या गोलात घातलंस?”

रामराव खुर्चीतून अर्धे उठले. “बस खाली. घरी बोलू.”

“घरी मला कुणी इचारलं?” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज पटांगणभर ऐकू जात होता. “आपल्याला रान हाय, अन् मी रोज कल्याणच्या टेम्पोत मजुरीला जाते. सावडीला न्हाई, मजुरीला. कापूस वेचून राह्यले, चोरी न्हाई. नुसतं शेतीत घातलंस तर टेम्पोत कोण बसते? नुसतं मजुरीत घातलंस तर माझं रान कुठं गेलं? सांग.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सतरंजीवरच्या काही बायका पदराचे काठ चाचपत खाली बघत राहिल्या.

“गणित चुकलंय, माय,” संध्या म्हणाली. “मला कालच ठाऊक होतं. मी तुझ्यासाठी...”

“माझ्यासाठी चुकवू नको.”

संध्याचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले आणि मॅडमकडे वळली. मॅडमनी फळा पुसून दिला. संध्याने नव्याने मांडलं. दोन तृतीयांश, मग एक द्वितीयांश. बेरीज सात षष्ठांश, म्हणजे पूर्ण आळीपेक्षा एक षष्ठांश जास्त. रामराव आपल्या चपलांकडे पाहत होते.

“म्हणजे दोन्हीकडची घरं किती?” मॅडमनी विचारलं.

“पाच.”

दैवशालाबाई अजून उभ्याच होत्या.

“पहिलं आमचं,” संध्या म्हणाली.

मग त्या खाली बसल्या.