मालतीबाईची चूल

चैताचं ऊन अजून कोवळं होतं. कामरेजच्या शिवारात उसाच्या सरीत पाणी झुळझुळत होतं, आणि पटेलाच्या शेतातल्या खोपीपुढं मालतीबाई चुलीच्या आरात कांदे भाजत होती. अंगाखांद्यावर खेळवलेलं कोकरू सकाळी तिनंच नवऱ्याच्या, धुडकूच्या, हाती कापायला दिलं होतं. डोळे पुसले होते, आणि मसाला वाटायला बसली होती.

आठ दिवसांमागं धाकटी जाऊ उज्ज्वला कतारगामहून येऊन सांगून गेली होती, "वहिनी, इच्छापोरना रामदासभाऊ पोर देखाले येनार शेतस. त्यासना पोऱ्या चेतन कंपनीमा शे. कोकरू तुमना घरनं कापा."

मालतीबाईला आणखी काय सांगायला हवं होतं? भाऊबंदांत रीतच होती, सुपारीचं, लग्न ठरल्याचं, मटण पोरीच्या घरचं. कोकरू मागितलं म्हणजे पोर मागितली. नाव कुणी घेतलं नाही, तिनंही विचारलं नाही. उज्ज्वलाची लेक कुंदन जरीची साडी नेसून आली, तेव्हाही तिला वाटलं, बहिणीच्या सुपारीला नटली बाई.

रश्शावर तांबूस तवंग आला. तिची लेक जयश्री परातीत घोळाना करत होती. कोवळी मेथी, कांद्याची पात, कोथिंबीर, दाण्याचं कूट, वरून कच्च्या तेलाची धार. पाला असा हिरवागार, जणू शेतानंच अंग झटकलं होतं.

"पदर ले डोकावर," मालतीबाई लेकीला म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

आंब्याखाली रामदासची बायको कुंदनच्या कपाळाला कुंकू लावत होती. धाकट्या दिरानं, कुंदनच्या बापानं, लोटूनं, सुपारी फोडली.

तांब्या तिथंच ठेवून ती खोपीमागं गेली. धुडकू तिथं उगाच विळा घासत बसला होता.

"तुमले माहीत व्हतं?"

"सकायलेच सांगं लोटूनी."

"मंग मले कसाले नई सांगं?"

धुडकूनं मान वर केली नाही. "सांगतू, तं तू चूल पेटाडती का?"

मागोमाग उज्ज्वला आली. "वहिनी, राग नका धरू. आमना चाळमा काठियावाडी मालक. अंडं फोडं तरी सामान बाहेर फेकस. मटन कोठे रांधतूत आम्ही?"

"म्हंजे मन्ही चूल लागनी तुमले. मन्ही पोर नई."

"कुंदन बी तुमनीच पोर ना, वहिनी!"

"हाव माय. कोकरू बी मन्हंच व्हतं."

ती आत आली. जयश्रीनं सगळं पाहिलं होतं. रडली नव्हती. पाला कुस्करला जात होता तरी तिची बोटं परातीत फिरतच होती.

मालतीबाईनं तिचा हात धरला, धुतला, तिला चुलीपाशी बसवलं. पातेल्यातून कलेजी वेचून तिच्या ताटात वाढली. शेजारी मूठभर घोळाना.

"माय, कलेजी नवरदेवले देतस ना?"

"जेव तू."

बाहेरून लोटूची हाक आली, "वहिनी, कलेजी कोठे शे? व्याही इचारी ऱ्हायनात!"

मालतीबाई खोपीच्या दारात उभी राहिली. आंब्याखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "जिना घरनं कोकरू, तिनी खाई लिधी!"

आत जयश्रीनं पहिला घास उचलला.