मांडणारा हजर नाही

निपाणीतल्या त्या हायस्कूलच्या शिक्षकखोलीत सोमवारी सकाळी अकरा माणसं होती. टेबलावर चहाचे सात कप होते आणि एकाच मजकुराची तीन पत्रकं. तावातावानं बोलणारे दहाजण. अकरावा भावकू शिपाई, तो कप गोळा करत होता. आणि बोरगावच्या ज्या भाषणावरून ही आग पेटली होती, ते स्वतः ऐकलेला त्या खोलीत एकही नव्हता.

हा शेवटचा आकडा मात्र त्या दिवशी कोणी मोजला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या सिद्रामनंही नाही.

पत्रकावर ठसठशीत अक्षरांत एकच वाक्य होतं. ‘वखारीतल्या बायकांना खोकला जन्माचाच असतो, त्यांना पंखे कशाला?’ खाली नाव, नगरसेवक बाबगोंडा, बोरगावचं भाषण.

सिद्रामची आई शेवंताबाई वीसेक वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसत आली होती. चाळणी हलली की पिवळी धूळ छतापर्यंत उठायची आणि खिडक्या बंद असल्यामुळं तिथंच फिरत राहायची. आता तिला रात्री आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या ती डुलक्या घेई. त्याच कमाईवर लेक बेळगावात राहून बी.एस्सी. झाला होता. वाक्य वाचलं आणि त्याची कानशिलं तापली.

“आता तरी काही करणार का, मास्तर?” गणिताच्या कल्लाप्पा सरांनी डिवचलं. “का परीक्षानळ्याच धूत बसणार?”

एरवी सिद्राम पोरांना सांगायचा की तापमापक एकदा पाहून आकडा लिहू नका, तीनदा पाहा. ते पत्रक त्यानं एकदाच वाचलं. ते कुणी छापलं, कुठं छापलं, याची खाली एक ओळही नव्हती. तेही त्यानं पाहिलं नाही.

संध्याकाळी गल्लीत त्यानं बायकांना गोळा करून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका भडकल्या. शेवंताबाई तेवढी गोंधळली.

“बाबगोंडा असं बोलला? त्यो तर परवा वखारीत पंख्याचंच इचारायला आलता रं.”

“मतं पाहिजे असली की सगळेच विचारतात, आई,” सिद्राम म्हणाला आणि विषय तिथं संपला.

गुरुवारी नगरपालिकेची सभा होती. दीडशे बायकांचा मोर्चा दारावर जाऊन थडकला. पुढं सिद्राम. बाबगोंडा सायकलवरून उतरला तसा तो घेरला गेला. त्यानं दोनदा हात वर करून काही सांगायचा प्रयत्न केला, पण घोषणांत ते विरून गेलं. कुणीतरी शेणाचा गोळा मारला. त्याची टोपी गटारात पडली. तासभर त्याला पायरीवर पाय ठेवू दिला नाही. शेवटी तो सायकल हातात धरून, बोडक्या डोक्यानं परत गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्रामचा घसा बसला होता, पण लहानपणापासून छातीत अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात आतून तारामती आक्का आल्या. आक्का वकील होत्या, वखारीतल्या बायकांची संघटना त्याच चालवत. घरचे भाऊबंद तंबाखूचे व्यापारी, म्हणून माहेरी त्यांना कोणी पाणी विचारत नसे. चार दिवस बेळगावला कोर्टाच्या कामात होत्या. सकाळच्या बसनं उतरून त्या थेट सभागृहात जाऊन बसल्या होत्या.

“झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

“झालं, आक्का. असल्या माणसानं नगरपालिकेत पाय ठेवता कामा नये.”

“ठेवलाच नाही त्यानं.” आक्कांचा आवाज थरथरत होता, रागानं. “आज ठराव होता, सिद्राम. धूळ ओढणारे पंखे लावल्याशिवाय कुठल्याही वखारीला परवाना द्यायचा नाही. मांडणार होता बाबगोंडा. अध्यक्षांनी नाव पुकारलं, खुर्ची रिकामी. मांडणारा हजर नाही, विषय निकाली. कन्नडात एक ओळ वाचली आणि पुढच्या विषयाला लागले. बाकीचे नगरसेवक मागच्या दारानं आत आले होते. त्यांना कोणी अडवलं नाही.”

सिद्रामनं पत्रक पुढं केलं. तेवढंच त्याच्याजवळ होतं. आक्कांनी ते वाचलं आणि बायकांकडं वळल्या.

“बोरगावला मी होते. आपल्या गल्लीचा नळ दोन वर्षं बाबगोंडानं लोंबकळत ठेवलाय, त्याचा जाब विचारायला गेलते. हे वाक्य तो बोलला, खोटं नाही. पण कसा बोलला? पोट पुढं काढून, नाकातून, वखारमालकाची नक्कल करत. आणि पुढं म्हणाला, ‘असं मालक माझ्या तोंडावर बोलले. मी म्हटलं, तुमच्या घरच्या बायकांना आठवडाभर चाळणीवर बसवा, मग पंख्याचं बोलू.’ लोक हसले, टाळ्या पडल्या. पत्रकात पुढचं काहीच नाही.”

मोर्चातली शेवंताबाई धापा टाकत म्हणाली, “माझा नवरा जलशात सावकाराचं सोंग घ्यायचा. लोकं लई शिव्या घालायची, सावकाराला. जलसा संपला की त्येच लोक त्येला भाकरी वाढायची. सोंग कळत हुतं तवा. आमी अडाणी हुतो तरी.”

सिद्रामचा चेहरा काळवंडला. पण रागाला वाट हवीच असते. “हे मालकांचंच काम,” तो ओरडला. “चला वखारीवर!” दोघी-तिघींनी दगडही उचलले.

“कुणी छापलं ते तू पाहिलंस?” आक्कांनी त्याची वाट अडवली.

“दुसरं कोण छापणार?”

“म्हणजे पाहिलं नाहीस. मघाशी अर्धं वाक्य वाचून एकाला शेण घातलंस. आता तेवढंही न वाचता दुसऱ्याला घालणार? हेच शिकवतोस होय रे पोरांना? बाबगोंडाच्या विरोधात मी दोन निवडणुका लढले, तिसरीही लढणार आहे. नळासाठी त्याच्या दारात बसायचं तर पहिली मी बसते. पण मालकाच्या तोंडच्या वाक्यासाठी नाही. राग सोडा असं मी म्हणत नाही. माझाच बघा किती आहे तो. पण दीडशे बायकांचा एक दिवसाचा राग आज कुणाच्या कामी आला? पंखा लागला का एक तरी?”

दगड खाली पडले.

त्याच संध्याकाळी सिद्राम बाबगोंडाच्या घरी गेला. दारातच त्यानं हात जोडले. बाबगोंडानं आत ये म्हटलं नाही.

“टोपी धुऊन निघंल, मास्तर,” तो म्हणाला. “ठरावाचं काय करू? पुढच्या महिन्यात परत मांडीन, पण सगळी म्हणणार, खोकला काय, सवयीचा असतो. शिकल्यासवरल्यासारखं काहीतरी घिऊन या. घोषणा नगंत.”

सिद्राम मान खाली घालून परतला. त्या रात्रीपुरता तो आपल्यावरच जळत राहिला, आणि सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं.

वाचकहो, असं पत्रक तुमच्याही गावात येतं, चहाच्या दुकानात येतं, कचेरीत येतं. त्यात पुढाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य असतं, त्याच्या मागचं आणि पुढचं कुणीतरी कापून टाकलेलं असतं. आपण कात्रीकडं बघत नाही, पुढाऱ्याकडं धावतो. पुढारी काही देव नव्हेत, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण त्यांनी केलेल्या आणि न केलेल्या कामांचा. अर्ध्या वाक्यावर पेटलेला राग फुकट जातो एवढंच नाही, तो खऱ्या अन्यायाला मागच्या दारानं आत सोडतो. संपूर्ण बोलणं ऐकल्याशिवाय, निदान ऐकलेल्या एका माणसाला विचारल्याशिवाय, हातात दगड घेणं हा नागरिकाचा धर्म नव्हे.

पुढच्या महिन्यात बाबगोंडा वेळेवर हजर होता. ठराव मांडताच अपेक्षेप्रमाणं एक सभासद उठला. खोकला या बायकांना सवयीचा आहे, तो म्हणाला, त्यावर नगरपालिकेनं वेळ कशाला घालवायचा? बाबगोंडानं अध्यक्षांची परवानगी घेतली. सिद्राम आत आला. त्यानं टेबलावर पाण्याची परात ठेवली, तीत पाण्यानं भरलेली काचेची मोठी बरणी उपडी उभी केली. बरणीवर शंभर-शंभर मिलिलिटरच्या खुणा होत्या. तिच्या तोंडात एक रबरी नळी होती. नळीतून फुंकलं की श्वास बरणीत चढे आणि तेवढंच पाणी खाली उतरे. आधी मी फुंकतो, असं तो सभासद हसत म्हणाला. सिद्रामनं त्याला थांबवलं. पुरुषाची आणि बाईची बरोबरी योग्य होणार नाही, म्हणून त्यानं दोन बायका आणल्या होत्या. दोघी बावन्न वर्षांच्या, उंचीनं सारख्या. एक कोर्टात काम करणारी, दुसरी चाळणीवर.

दोघींनी छाती भरून श्वास घेतला आणि एकेका दमात, संपेपर्यंत, नळीत सोडला. प्रत्येकीनं तीनदा. सिद्रामनं सगळ्यांत मोठे आकडे वाचून दाखवले.

तारामती, दोन लिटर सहाशे मिलिलिटर.

शेवंताबाई, एक लिटर शंभर.