डावा पट्टा

बॅगांच्या चेन, बकलं आणि पट्टे हा माझा धंदा. बावीस वर्षं एकाच मशीनवर बसून लोकांच्या फाटक्या बॅगा शिवतोय आणि बसल्या बसल्या त्यांच्या खोड्या काढतोय. एका गिऱ्हाइकाच्या बॅगेत मी अस्तराच्या आत गजराचं घड्याळ शिवून दिलं होतं. ते भर मीटिंगमध्ये वाजलं. गिऱ्हाईक कायमचं गेलं, पण आठवलं की अजून मी मशीन थांबवून हसून घेतो. घरात मला नाटक्या म्हणतात. त्यामुळे या बॅगेचा प्रकार घडल्यावर तो कोणी केला, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

भाऊ म्हणजे माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे नवरे. जन्म कारखान्यात लेथवर उभं राहून काढला, आता रिटायर. त्यांना नाद एकच, फ्लाय फिशिंग. पिसाला दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती लांब फेकायची, मासा फसला की जाळीत घ्यायचा, जरा न्याहाळायचा आणि सोडून द्यायचा. माझी बायको म्हणते, "सोडायचाच तर बिचाऱ्याला बोलावता कशाला?" मला मात्र हा खेळ पहिल्यापासून पसंत. खोटं दाखवून खऱ्याला गंडवायचं, हे तर माझंच खातं. फक्त मला पोहता येत नाही, म्हणून मी काठावर.

गेल्या वर्षी भाऊंच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ताईंनी तेव्हाच सांगून टाकलं, "हात कानाला लागेल त्या दिवशी नदी. तोवर नाव काढायचं नाही." वाहत्या पाण्यात पाय घसरला तर एका हाताने माणूस काय धरणार, हा त्यांचा हिशेब. चुकीचा नव्हता. भाऊ वर्षभर रबराची पट्टी ओढत बसले. आणि मागच्या महिन्यात आम्ही नाश्त्याला गेलो होतो तेव्हा ते उठले, आमच्याकडे पाठ करून फडताळासमोर उभे राहिले आणि सगळ्यात वरच्या फळीवरची साखरेची बरणी डाव्या हाताने काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "जा बाबा. पण ती जुनी बॅग नको. कुजलाय तो कॅनव्हास."

म्हणून नवी बॅग घ्यायची होती. आणि बॅग म्हटल्यावर मी आलोच.

दुकान माझ्या गल्लीच्या तोंडाशीच. तंबू, बूट, दोरखंड असला माल. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई, घाई म्हणून नाहीच. त्यांनी भिंतीवरून एकेक बॅग काढायला सुरुवात केली आणि भाऊंनी एकेक नापास करायला.

"ही मोठी आहे. पाण्यात खालून भिजेल."

"मग ही घ्या, उंच बसते. वरून गुंडाळायचं तोंड आहे, थेंब आत जाणार नाही."

"फेकताना पट्टा उजव्या खांद्यावर घासेल."

"ही छातीवरची?"

"पायाखालचे दगड दिसायचे नाहीत."

"एकाच खांद्यावरची आहे, आडवी."

इथे भाऊ जरा थांबले. "कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

"नको," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "एकाच बाजूने घालता येईल अशी नाही का काही? म्हणजे, दुसरा हात मागे न नेता?"

मी म्हटलं, "भाऊ, बॅग घेताय का जावई शोधताय?"

बाई हसल्या. मला तेवढंच पुरतं. कोणी एकदा हसलं की माझ्या अंगात येतं.

शेवटी त्यांना एक राखाडी बॅग बरी वाटली. आटोपशीर, पाठीवर उंच बसणारी, मागे जाळी अडकवायला कडी. भाऊ ती हातात फिरवून बघत होते. मी म्हटलं, "आणा, पट्टे तुमच्या मापाचे करून देतो." आणि उजवा पट्टा बरोबर ठेवून डावा मी पार आवळून टाकला. दोन बोटांचं काम. माझी बोटं हे झोपेतही करतील. मग बाईंना डोळा मारला, मोबाइल काढला आणि म्हणालो, "घाला, आणि घालून फेकून दाखवा. त्याशिवाय कळत नाही."

भाऊंनी उजवा हात घातला. बॅग पाठीवर घेतली. डावा हात मागे गेला, पट्ट्यात कोपरापर्यंत शिरला आणि अडकला. पुढे येईना, मागे जाईना. ते वळले. हात कुठे अडकलाय ते बघायला पुन्हा वळले, तशी बॅगही वळली. जाळीची कडी रेनकोटच्या स्टँडमध्ये गुंतली आणि सहा-सात रेनकोट एकदम त्यांच्या अंगावर आले. बाई "अहो, अहो" करत धावल्या. मी हसून हसून मोबाइल धरू शकत नव्हतो, तरी धरला. रस्त्यावरचे दोघं काचेला नाक लावून बघत होते.

सोडवल्यावर भाऊ म्हणाले, "हीच द्या." पुन्हा घालून बघितली नाही. बॅग उजव्या हातात धरून दुकानाबाहेर पडले.

मी चालता चालता विचारलं, "रागावलात काय?"

"नाही रे."

मला बरं वाटलं. घरी पोचायच्या आधी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मासा जाळ्यात.' हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. माझ्या बायकोने तर पाच टाकली.

भाऊंकडे पोचलो तेव्हा ताई टेबलाशी बसल्या होत्या. मोबाइल समोर, आवाज मोठा. त्यात माझंच हसणं चाललं होतं. स्वतःचं हसणं असं बाहेरून ऐकलं की कळतं किती घाणेरडं असतं ते. ताई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा लावला आणि एका जागी थांबवला.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. भाऊ वळण्याच्या आधीचा क्षण. उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि तो हात उचलून पट्ट्यात ठेवत होते. एखादं पार्सल उचलून ठेवावं तसा. चेहरा काचेकडे होता, आणि काचेत दिसत होता. ओठ आवळलेले, डोळे मिटलेले. मी दोन हात लांब उभा होतो. मला हे दिसलं नव्हतं. मी फजिती कधी होते ते बघत होतो.

"ताई, ते माझं काम आहे," मी म्हटलं. "डावा पट्टा मीच आवळला होता. कोणीही अडकला असता त्यात."

"अडकला असता. पण आधी उचलून कोणी ठेवला असता?"

जन्मात एकदा खरं बोललो, तेही उपयोगाचं नव्हतं. मग मी माझ्या मूळ धंद्यावर आलो. "अहो, ते नाटक होतं. मीच सांगितलं त्यांना, म्हाताऱ्यासारखं करा, मजा येईल. हो की नाही भाऊ?"

भाऊंनी बॅग खुर्चीवर ठेवली. "पुरे रे," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. ताईंना म्हणाले, "खांद्याच्या वर जात नाही तो. दुखतो."

"आणि बरणी?"

"कोपराला खालून उजव्या हाताने रेटा दिला होता. तुम्हाला पाठच दिसत होती."

ताईंनी उठून कपाटाशेजारी उभी केलेली मासे धरायची काठी उचलली, तिच्या पिशवीत घातली आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. भाऊ साखरेच्या बरणीकडे बघत बसले. त्या दिवसापासून ती खालच्याच फळीवर होती.

मी ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. तोवर सगळ्यांनी बघितला होता. बायकोने घरी विचारलं, "असं कसं रे तुला दिसलं नाही?" मी म्हटलं, "झोप आता." संध्याकाळचे सहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडून बॅग मागून आणली. आधी भाऊंच्या समोर उभं राहायचं होतं, पण ते आतल्या खोलीत होते आणि मी दार वाजवलं नाही. माझ्या दुकानात नेऊन डावा पट्टा उसवला. खालचं टोक तसंच ठेवलं, आणि वरचं टोक पुढे छातीशी, उजव्या पट्ट्यापर्यंत आणून तिथे मोठं बकल लावलं. म्हणजे डावा हात मागे न्यायचाच नाही. बॅग उजव्या खांद्यावर घ्यायची, डावा पट्टा काखेखालून पुढे ओढायचा आणि उजव्या हाताने बकल दाबायचं. पाण्यात पडले तर तेच बकल ओढायचं, बॅग सुटून जाईल. तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. डावा हात शरीराशी बांधून मी स्वतःच घालून बघितलं. गिऱ्हाइकं हसली. त्यांना वाटलं, काहीतरी नवीन खोडी असेल.

बॅग घेऊन गेलो तर दार ताईंनीच उघडलं. मी कसं घालायचं ते दाखवलं. माफीचं वाक्य पाठ करून आलो होतो, ते बकल दाखवता दाखवता राहूनच गेलं. ताईंनी दोनदा घालून बघितलं. म्हणाल्या, "गुडघ्याएवढं पाणी. त्याच्यापुढे एक पाऊल नाही. आणि तू बरोबर. काठावर नाही, पाण्यात."

"मला पोहता येत नाही ताई."

"म्हणूनच. लांब जाणार नाहीस."

रविवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. भाऊंची जुनी रबरी विजार मी घातली होती, ती काखेपर्यंत येत होती. एरवी यावर मीच दहा विनोद केले असते, आणि भाऊंनी अकरावा. त्यांनी काठी जुळवली, डब्यातून माशी निवडली, दात लावून दोरा तोडला. मग बॅगेकडे वळले.

मी पुढे झालो. "आणा, मी धरतो."

"राहू दे."

त्यांनी बॅग दगडावर ठेवली. डावा पट्टा दोन बोटांत धरला आणि वरपासून खालपर्यंत सरकवत नेला. कुठे आवळलाय का ते बघितलं. बकल दोनदा लावून, दोनदा सोडून पाहिलं. हे सगळं माझ्यासमोर, सावकाश, आणि माझ्यावर राग काढायचा म्हणून नाही. घराबाहेर पडताना माणूस खिशात किल्ली आहे ना ते चाचपतो, तसं. मग बॅग उजव्या खांद्यावर घेतली आणि बकल लावलं.

"बसली का नीट?" मी विचारलं.

"बसली."

ते पाण्यात उतरले. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर ठेवून उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. पहिली फेक तोकडी पडली, दुसरीही. डावा हात छातीशी धरून ते त्या हाताने दोरी हळूहळू ओढत होते, तेवढं जमत होतं.

"भाऊ," मी म्हटलं.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "मासे पळतात."