दारामागचा फलक

साहेब, मला दारामागे टांगायचा हुकूम तुमचाच. नाही म्हणू नका. खिळा ठोकला तेव्हा तुम्ही समोर उभे होतात.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला. माझा मजकूर वरून आला होता: ‘मनोविकारांचे प्राथमिक निदान व समुपदेशन.’ रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. “सिस्टर, रंगवतो मी, पण वाचणार कोण? मलाच घाम फुटला.” सिस्टर हसल्या. मग मनाच्या डॉक्टरांसमोर बसून त्यांनी शब्द न् शब्द सोपा करून, तपासून आणला. तेव्हा माझ्यावर उमटलं: ‘दोन आठवडे झाले, झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही? हा आजार असू शकतो. हा तुमचा दोष नाही. यावर उपचार आहेत. सात नंबरच्या खोलीत या.’

लोक थांबायचे. कुणी चष्मा शोधायचं, कुणी वाचत नसल्याचं सोंग करत सगळं वाचून काढायचं. मी फुगून गेलो होतो.

मग साहेब, तुम्ही दवाखान्याचे प्रमुख होऊन आलात. “दारातच वेड्यांची पाटी? चांगल्या घरची माणसं येतात इथे!” झालं. आता दवाखाना उघडला की दार उघडतं आणि मी झाकला जातो. दवाखाना बंद झाला की मी दिसतो. कुणाला? पालीला!

एक बसचालक पोटाची तक्रार घेऊन यायचा. “नुसते छताकडे बघत पडतात हो,” बायको सांगायची. ऐकतंय कोण? पित्ताच्या गोळ्या घेऊन दोघं परत जायची. मी हाताच्या अंतरावर, दाराला तोंड लावून. वाचा असती तर पत्रा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

एकदा फरशी पुसायला मावशींनी दार लोटलं. समोरच्या बाकावर बसलेल्या त्या चालकाने मला वाचलं. पुन्हा वाचलं.

“अगं, हे माझंच लिहिलंय की.”

“म्हणजे तुम्ही आळशी नाही?”

“आजारी असेन म्हणे.”

“आणि मी मेली उठताबसता टोमणे मारत होते!” ती डोळे पुसत हसली. “मावशी, सात नंबर कुठंय हो?”

उपचार घेऊन तो आज पुन्हा बस चालवतो. येता-जाता आत शिरतो आणि दार लोटून जातो. शिपाई उघडतो, हा पुन्हा लोटतो.

“अहो, साहेबांचा हुकूम आहे!”

“असू दे. हुकूम त्यांचा, पण वाचलेला जीव माझा आहे.”

मित्रांनो, माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. मला नवा रंग नको, कौतुक तर नकोच. मला उजेडात टांगा. कुठे असा फलक दाराआड दिसला, तर ते दार बिनधास्त लोटा.

आणि साहेब, तो चालक मला वाचू शकला, कारण त्या दिवशी फरशी पुसायची होती. बाकीच्या दिवशी त्याच बाकावरून गोळ्या घेऊन जे उठून गेले, त्यांना कोण परत बोलावणार? तुमची खुर्ची पलीकडच्याच खोलीत आहे. इकडे या, हे दार लोटा आणि माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्या.