वंशावळीत नसलेलं नाव

चुगे खाँ आमच्या घरचा मांगणियार, म्हणजे पिढीजात गवई. त्याचा आजा आमच्या घरच्या लग्नांत गायला, बाप गायला, आता हा गातो. त्यामुळे चहात साखर कमी पडली तरी तोंडावर सांगायचा हक्क आहे, असं तो समजतो. पण घरात मरण झालं की मांगणियार अंगणात येऊन नुसता बसतो, गात नाही. शोक मोडायच्या दिवशी पहिला सूर त्याचा. तोवर ना लग्न, ना गाणं, ना रंगीत ओढणी.

आमचा शोक काही मोडेना. माझ्या मोठ्या जावेचा, अंतर भाभीसांचा नऊ वर्षांचा जालम साप चावून गेला. गावभरच्या बायका येऊन ऊर बडवून रडल्या, ज्यांना त्याचं तोंडही नीट आठवत नव्हतं त्याही रडल्या. भाभीसा कोरड्या डोळ्यांनी बसून राहिल्या. मग बोलणं बंद झालं. जैसलमेरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं रात्रीची झोप तरी लागायला लागली. ते म्हणाले, यांना बोलतं करा. आता बोलतं कसं करायचं? घरातल्या शहाण्यांनी उलटंच ठरवलं, की त्यांच्यासमोर जालमचं नाव म्हणून काढायचं नाही. त्याचे जोडे उचलले, त्याचं उंटाचं पिल्लूसुद्धा मामाच्या गावी धाडलं.

भाभीसांची धाकटी मुलगी रांगत त्यांच्याकडे जायची. त्या तिच्याकडे शेजारणीचं पोर असावं तसं बघायच्या. मला त्याचीच धडकी भरायची. जालम गेला तो गेला, ही बाई जिवंतपणी आमच्या हातून चालली होती.

शेवटी जेठांनी, म्हणजे भाभीसांच्या नवऱ्यानं, मनावर घेतलं. "तिला बरं वाटायची वाट बघत बसलो, तर घराला गंज चढेल," ते म्हणाले. "चुग्याला बोलवा."

पुरुष अंगणात बसले, आम्ही बायका पडद्याआड. भाभीसांना मी हाताला धरून आणलं आणि त्यांच्या मुलीला मांडीवर घेतलं. चुगे खाँनं आपलं तंतुवाद्य, कमायचा, मांडीशी टेकवून गज ओढला, आणि इतक्या महिन्यांनी घरात सूर ऐकून मीच पडद्याकडे सरकले. भाभीसा मात्र तशाच.

मग त्यानं घराण्याची नावं सुरू केली. मूळ पुरुषापासून आजवर हयात असलेल्या शेवटच्या पोरापर्यंत सगळे पुरुष, एकामागून एक. लहानपणापासून पाठ. जीभ आपली वाटेला लागलेली, डोकं कुठेतरी दुसरीकडे. जेठांचं नाव आलं आणि त्याच दमात तो गाऊन गेला, "सगतसिंगाचा जालमसिंग."

गज थांबला.

"चुग्या, अक्कल विकून आलास काय?" चुलतसासरे म्हणाले.

चुगे खाँनं पगडी काढून जमिनीवर ठेवली. "हुकूम, मायबाप, जोडे मारा. पोर जन्मल्यापासून म्हणत आलोय, जीभ थांबली नाही."

माझ्या मनगटावर बोटं रुतली. "त्याला परत म्हणायला सांग," कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं. भाभीसा होत्या. आमच्या घरच्या बायका पुरुषांपुढे आवाज चढवत नाहीत. मी चढवला. "चुगेबा, परत म्हण."

त्यानं जेठांकडे पाहिलं. जेठ मान खाली घालून बसले होते. तेव्हा त्यानं परत म्हटलं.

भाभीसांच्या घशातून आधी ठसका लागल्यासारखं काहीतरी निघालं, मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या. मांडीवरची पोर घाबरून किंचाळली. भाभीसांनी ती माझ्याकडून ओढून घेतली, छातीशी धरली आणि दोघी मायलेकी रडत राहिल्या. "मला वाटलं, तुम्ही सगळे त्याला विसरलात," त्या म्हणाल्या. मीही रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

चुलतसासऱ्यांना मात्र रीत सुचली. "ठीक, आज झालं ते झालं. पण पोराला ना बायको, ना वारस. असल्यांचं नाव वंशावळीत राहत नाही. पुढच्या खेपेला गाळ."

पडद्याआडचं रडणं थांबलं. भाभीसांनी नाक पुसलं. "चुगेबा, बापाच्या ओळीत जागा नसेल तर माझ्या ओळीत घाल."

आता बायकांची ओळच नसते. आमची नावं कुणी गात नाही, आम्ही अमक्याची सून नि तमक्याची आई. चुलतसासरे तोंड उघडणार, एवढ्यात जेठ म्हणाले, "काकोसा, राहू द्या. ती बोलतेय." आणि पगडीच्या सोग्यानं त्यांनी डोळे टिपले.

चुगे खाँनं पगडी झटकून डोक्यावर ठेवली, कमायचा जवळ ओढला. "अंतर कंवरचा जालमसिंग," त्यानं घोळवून पाहिलं. मग पुन्हा. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हुकूम, चालीत बसत नाही."

"बसव," भाभीसा आतून म्हणाल्या. "आम्ही इथंच आहोत."