यादी दिली नाही

रंजीता रामटेके मूल गावची. एटापल्लीच्या पुढच्या जंगलात नर्स म्हणून तिला सहा वर्षं झाली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, ती नाल्यापलीकडच्या गावात लस घेऊन गेली, तर अकराच जण पुढं आले. जंगू पुंगाटी आणि त्याची बायको कलाबाई घरातून निघालेच नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पोरीला बाळंतपणात सरकारी दवाखान्याच्या लोकांनी कुणाला न विचारता गाडीत घालून नेलं होतं. परत आलं ते प्रेत.

मग तालुक्याहून तोंडी हुकूम आला, की लस नाही त्याला रेशन नाही. नकार देणाऱ्यांची यादी रंजीतानं दुकानदाराला द्यायची होती. तिनं टेकडीवर रेंज शोधून भावाला फोन लावला. प्रफुल चंद्रपूरला वकिली करत होता. तो म्हणाला, सरकारनं लस आणावी, हात जोडून समजवावं. पण माणसाचं अंग त्याचं स्वतःचं असतं, धान्य अडवून सुई टोचणं घटनेत बसत नाही.

तिनं यादी दिली नाही, तसं लेखी कळवलं. गावाला तांदूळ मिळाला. त्या दिवशी कलाबाईनं तिला हळूच विचारलं, सुईनं ताप येतो का? रंजीतानं सगळं समजावून सांगितलं. कलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, पुढच्या खेपेला पाहू.

मे महिन्यात कलाबाईला धाप लागली. बाजेवर घालून तिला नाल्यापार आणलं, पण गाडी यायच्या आतच ती गेली.

आठवड्यानं जंगू दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला.

"बाई, तू तांदूळ बंद केला असता तं आमी सुई घेतली असती. काऊन नाई केला?"

"मले तसा हक्क नव्हता, भाऊ."

"मंग आमच्या पोरीले नेलं तवा होता?"

"तवाबी नव्हता."

तिनं दिलेलं पाणी तो प्यायला आणि निघून गेला. त्या दिवशी लशीचा विषय तिनं काढला नाही.

जूनमध्ये तिला नोटीस आली, यादी का दिली नाही म्हणून. तिनं उत्तरात एकच वाक्य लिहिलं, की सक्ती करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. ते खरंच होतं. पण तेवढं लिहायला तिला तीन दिवस लागले.