आवाज येतोय का?

केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. पडदे शिवण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. त्यामुळे त्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात पाऊल टाकलं तेव्हा तिने आधी पाहिले ते पडदेच. खोल्याखोल्यांतले पलंग हलवून तिथे माणसाएवढे स्पीकर उभे केले होते आणि खिडक्यांवर दुहेरी, जाड, जमिनीवर लोळणारे पडदे सोडले होते. उजेड अडवायला नव्हे, आवाज गिळायला.

"एवढ्या कापडात माझी चार घरं झाली असती," ती स्वतःशीच पुटपुटली.

आत माणसं डोळे मिटून बसली होती. मनगटाएवढ्या जाड वायरी गालिच्यावर सापासारख्या पसरलेल्या. कुणी म्हणे, "वजन आहे, पण मोकळेपणा नाही." दुसरा म्हणे, "वरचे सूर टोचतात हो." भाड्याचं घर बघायला आल्यासारखे सगळे नाकं मुरडत होते. धाकटीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती पिशवी छातीशी धरून पुढेपुढे सरकत राहिली.

पिशवीत, मखमलीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलेला, टेपचा एक स्पूल होता. तिचे वडील कीर्तनकार. देवाचं नाव घेता घेता समोरच्याच्या पाठीवरून हात फिरवावा, असं त्यांचं कीर्तन. मामाने ते एकदाच, दोन माईक लावून टेप केलं होतं. मागे झांज घेऊन आई उभी असायची, ध्रुपद उचलायची. धाकटी दीड वर्षाची असताना आई गेली. फोटो चार होते, आवाज नव्हता. थोरली बहीण, अक्का, म्हणायची, "अगदी तुझ्यासारखा होता गं." पण आपला आवाज दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो, ते आपल्याला कधी कळतं?

घरच्या जुन्या यंत्रावर फक्त वडीलच ऐकू यायचे. त्यांच्या आवाजापुढे झांजसुद्धा दबून जायची. मग ते यंत्र बंद पडलं आणि टेपवरून तपकिरी भुकटी झडायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "फार तर दोनदा वाजेल. एखाद्या चांगल्या मशीनवर वाजवा, नाहीतर राहू द्या." म्हणून ती इथवर आली होती. आई त्या टेपमध्ये असेल तर आज ऐकू येणार होती, नाहीतर कधीच नाही.

स्पूल वाजवणारं यंत्र एकाच खोलीत होतं, अगदी टोकाच्या. तिथले गृहस्थ स्पीकरची लाकडी खोकी स्वतःच्या हाताने घडवायचे, म्हणून सगळे त्यांना खोकेवाले म्हणत. त्यांनी स्पूल तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला.

"कीर्तन? या मशीनवर?" दाराशी उभा असलेला एक जाडजूड गडी हसला. "खोकेवाले, आता खोकी कापूर मागतील तुमची!"

"तुला झोप आली असेल तर शेजारच्या खोलीत ढोल चाललाय, तिकडे जा," खोकेवाले मान वर न करता म्हणाले. "बसा ताई, या मधल्या खुर्चीत. इथे बसलं की गाणारा बरोबर समोर येऊन उभा राहतो."

टेप फिरू लागली. पण समोर कुणीच उभं राहिलं नाही.

वडिलांचा आवाज होता, पण पुसट, चार भिंतींपलीकडे गेल्यासारखा. त्यांच्या जागी जणू भोक पडलं होतं, आणि त्या भोकाच्या कडांवर अख्खं सभागृह जागं झालं होतं. कुणीतरी खाकरलं. खुर्ची सरकली. डावीकडे झांज किणकिणली आणि झांजेला लगटून एका बाईने ध्रुपद उचललं. जाडसर आवाज, अर्धी मात्रा मागे रेंगाळणारा. शिवणयंत्रावर वाकून आपण गुणगुणतो तो हाच, हे धाकटीच्या अंगावरच्या काट्याने तिच्या आधी ओळखलं.

वडील पाणी प्यायला थांबले. झांज निमाली. मग तोच आवाज, गाण्यातला नव्हे, रोजच्या बोलण्यातला, म्हणाला,

"आवाज येतोय का?"

"येतोय, आई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

टेप फिरत राहिली.

"बरं. मग रडतेस कशाला?"

धाकटीने गालाला हात लावला. गाल ओले होते.

खोकेवाल्यांनी यंत्र थांबवलं. पाठीमागे जाऊन वाकून पाहिलं आणि कान लाल करून परत आले. "माफ करा ताई, चूक माझीच. सकाळी घाईघाईत एका खोक्याची वायर उलटी लागली. लालच्या जागी काळी. मग दोन खोकी मधला आवाज एकमेकांत खाऊन टाकतात आणि कडेचं तेवढं उरतं."

"ते ठीक आहे हो," दाराशी उभा असलेला गडी म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण त्या बाईंनी उत्तर दिलं ना?"

"काहीतरीच काय! माईक लागला का ते टेप करणाऱ्याला विचारलं असेल. आणि कडेवर पोर रडत असेल, तिला समजावलं."

"ती पोर मीच असेन," धाकटी घाईने म्हणाली. तिला ते फार पटलं. पटायलाच हवं होतं. तिने लगेच अक्काला फोन लावला.

"अक्का, आई सापडली! ऐक ना, त्या दिवशी मी तिच्या कडेवर होते का गं?"

"कडेवर? दोन्ही हातांत झांज असलेली बाई मूल कुठे ठेवणार, डोक्यावर? तू घरी होतीस, तापाने फणफणलेली. मी तुला मांडीवर घेऊन बसले होते. का गं?"

"काही नाही. घरी आल्यावर सांगते."

खोकेवाले यंत्रावर पडलेली चिमूटभर तपकिरी भुकटी कापसाने टिपत होते. "अजून एकदा देईल, ताई. पुढचं मला सांगता येत नाही. वायर सरळ करू?"

"उलटीच राहू दे."

या वेळी आपण बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. मखमलीचा तुकडा तोंडावर दाबून धरला. बोललो नाही तरी उत्तर आलं, तर ती नुसती टेप. मग घरी जाऊन सुखाने रडता येईल.

पुन्हा खाकरणं, पुन्हा खुर्ची, पुन्हा झांज. ध्रुपद आलं, संपलं. वडील थांबले.

"आवाज येतोय का?"

धाकटी गप्प राहिली. मघाशी जिथे "बरं" आलं होतं ती जागा येऊन गेली. काहीच आलं नाही. सभागृहाचा श्वास तेवढा चालू होता. मग तोच आवाज पाऊलभर जवळून आला,

"अगं, येतोय का?"

दाराशी उभा असलेला गडी मटकन खाली बसला. खोकेवाल्यांच्या हातातला कापूस तसाच राहिला. अंधाऱ्या खोलीच्या दारात उभं राहून आत कुणी आहे का बघावं, तसा आवाज आता बारीक झाला, थोडा घाबरलासुद्धा.

"धाकटे?"

तिच्याने राहवेना. मखमल गळून पडली. "येतोय आई! येतोय, स्पष्ट येतोय!"

"बरं बाई," आवाजात हसू होतं. "मग झालं."

झांज वाजली आणि पलीकडच्या भिंतीआडून वडिलांनी कीर्तन पुढे सुरू केलं. धाकटीने ते शेवटपर्यंत ऐकलं, हात जोडून, अधूनमधून नाक पुसत. स्पूल थांबला तेव्हा यंत्राखाली भुकटीची रेघ पडली होती.

पहिला बोलला तो खाली बसलेला गडी. "खोकेवाले, आत्ताच्या आत्ता संगणकावर कॉपी करून घ्या! टेप चाललीय मातीत."

खोकेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "करू का, ताई? निघाली तर आत्ताच निघेल, कशीबशी. पुन्हा नाही."

धाकटी स्पूल मखमलीत गुंडाळत होती. कडा आत दुमडून, पडद्याची पट्टी घालतात तशी नीट.

"नको हो. कॉपी केलीत की तुम्ही ती दिवसभर वाजवाल. ती विचारत बसेल, आणि उत्तर द्यायला कोण थांबणार?"

धाकटीने पिशवी छातीशी धरली. ती गेली. बाहेर पुढची माणसं खोळंबली होती. ते वायर सरळ करायला खोक्यामागे वाकले. पण वायरीला हात घालायच्या आधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्या बंद खोक्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "येतोय हो."